एकादशी, दिवेघाट आणि राजगिऱ्याची पुडी

पालखी पुण्यात यायच्या आधी आमच्या सोसायटीत एक वाद ठरलेला असतो. लाडवांच्या पुडीवर सोसायटीचं नाव छापायचं की नाही? मी दरवर्षी 'नको' म्हणते आणि दरवर्षी हरते. मग पालखी निघायच्या दिवशी सकाळी फातिमानगरजवळच्या मांडवात उभी राहून 'घ्या माउली, घ्या माउली' करत त्याच पुड्या वाटते, आणि दुपारी घरी पाय वर करून टीव्हीवर दिवेघाट बघते. नऊ वर्षं हेच.

२०२४ साली आमच्या वॉचमनची आई वारीत होती. परभणीकडच्या एका खेड्यातली, सत्तरीच्या अलीकडे-पलीकडे कुठेतरी. पालखीचा पुण्यातला दोन रात्रींचा मुक्काम तिने लेकाच्या खोलीवर काढला. जिन्यात भेटली तेव्हा मी आपलं बोलायचं म्हणून बोलले, "आजी, मलाही एकदा चालायचंय."

"मंग चल की उंद्या. सासवडाहून यष्टी मिळती माघारी."

पळवाट उरली नाही.

२ जुलै, योगिनी एकादशी. पुणे ते सासवड हा माउलींच्या वाटेवरचा सगळ्यात लांब टप्पा, तीसेक किलोमीटर, त्यात घाट, आणि त्या दिवशी उपास. हे वेळापत्रक कोणी आखलं असेल, असं मनात आलंच. पण हिशोब तिथीचा आहे. ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान, नवमी-दशमी पुण्यात, की एकादशी आपसूक रस्त्यावर येते. आजींना याचं काही वाटत नव्हतं. "पोट हलकं आसलं म्हंजी घाट चढाया सोपा," एवढंच त्यांचं म्हणणं.

माउलींची पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरातून निघते, तुकोबांची नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबातून. आम्ही पुलगेटला दिंडीत शिरलो. आमची दिंडी रथामागची. रथापुढे सत्तावीस आणि मागे शेकड्यांनी, प्रत्येकीला नंबर, प्रत्येकीची जागा पक्की. सगळ्यात पुढे पताका, मग टाळकरी, मध्ये मृदंग, मागे वीणेकरी, त्यांच्या मागे तुळस आणि हंडे घेतलेल्या बायका. मला वाटलं होतं, गर्दीत आपलं आपलं चालायचं असतं. तसं नसतं. मी फोटो काढायला दोनदा ओळीबाहेर गेले, तर टाळकऱ्यांतल्या एका काकांनी नुसतं बघितलं. पुन्हा गेले नाही. वारीला आजचं हे रूप एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी दिलं. ते शिंद्यांच्या पदरचे सरदार. दिंड्यांचा क्रम, विसाव्याच्या जागा, निघायच्या वेळा हे सगळं बघताना छावणी हलवायची सवय असलेला माणूस यामागे आहे, हे जाणवतं.

फातिमानगर आलं आणि आमचा मांडव दिसला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू माझ्या नेहमीच्या जागेवर उभ्या. मी हसले. त्यांनी माझ्या हातात पुडी कोंबली, "घ्या माउली," आणि त्यांचा हात पुढच्या बाईकडे गेलासुद्धा. ओळखलंच नाही! डोक्यावर पदर आणि कपाळावर बुक्का होता, हे खरं, पण रोज लिफ्टमध्ये भेटतो आम्ही. शंभर पावलं मला त्यांचा राग आला. मग आठवायला लागले, की नऊ वर्षांत मी वाटलेल्या पुड्यांमधला एक तरी चेहरा आठवतो का. हात आठवतात. बांगड्या, गोंदण, एक बोट तुटलेला हात. चेहरा नाही.

हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा फुटतात. तुकोबा सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरला, माउली उजवीकडे सासवड रस्त्याला. इथून पुढे घेण्याचा मारा सुरू झाला. केळी, चिक्की, शेंगदाणे, पाण्याच्या बाटल्या, साबुदाण्याची खिचडी, पुन्हा केळी. मी सुरुवातीला पुणेरी सभ्यतेने "नको, आहे माझ्याकडे" म्हणत होते. उरुळी देवाची यायच्या आधी आजींनी दंडाला चिमटा काढला. "नको म्हनू नये गं लेकी. देनाऱ्याचा हात मोकळा ऱ्हातो." त्यांच्या खांद्याच्या पिशवीत सगळं जात होतं. खात मात्र काहीच नव्हत्या. मला वाटलं, साठवतायत. आता लिहिताना लाज वाटते, पण वाटलं खरं.

दुपारी वडकी नाल्याला विसावा. बसा म्हटलं की बसायचं, तिथेच, डांबरावर. तोवर माझ्या टाचेला फोड आला होता. भारी बुटांचं कौतुक दुकानदाराने केलेलं, रस्त्याने नाही.

दिवेघाटाबद्दल काय लिहू? तो सगळ्यांनी पाहिलेला असतो, वरून. खालून पाहिलेला फार थोड्यांनी. टीव्हीवर तो पांढऱ्या टोप्यांचा साप दिसतो. आत असताना पुढच्या बाईची पाठ दिसते, पाठीवरची घामाची रेघ दिसते, आणि वळणावर मान वर केली तरच कळतं की आपल्या डोक्यावर तीन मजल्यांवर माणसंच माणसं चालतायत. खाली पेशवेकालीन मस्तानी तलाव लहान होत जातो. रथाला इथे जादा बैलजोड्या जुंपतात, त्या निघाल्या की पुढून आरोळी उठते आणि लाटेसारखी मागे येते. डोंगरउतारावर कॅमेरे घेऊन बसलेली तरुण मंडळी होती. एक ड्रोन डोक्यावर घोंघावायला लागलं तेव्हा आजींनी वर बघून त्याला बुक्का दाखवला.

आणि एक गोष्ट कुठल्याच फोटोत येत नाही म्हणून लिहिते. घाटात बायकांना आडोसा नाही. फिरती स्वच्छतागृहं आता वाटेवर असतात, पूर्वीपेक्षा खूपच बरं, पण घाटात एकदा ओळीत सापडलात की सापडलात. आमच्या दिंडीतल्या चौघींनी एक लुगडं चारी बाजूंनी धरलं, आणि आम्ही पाळीपाळीने आत गेलो. धरणाऱ्या चौघी बाहेर तोंड करून गजर म्हणत होत्या.

झेंडेवाडीच्या विसाव्यानंतर मला फारसं आठवत नाही. सासवडला पोचलो तेव्हा अंधार झाला होता. पालखीतळावर समाजआरतीला सगळ्या दिंड्या गोल उभ्या. चोपदाराने चोप उंचावला आणि हजारो टाळ एका क्षणात थांबले. एकाच दिंडीचे वाजत राहिले. ज्या दिंडीची काही तक्रार असते, ती टाळ थांबवत नाही. चोपदाराने जाऊन ऐकून घेतलं, मग तेही थांबले. त्यानंतर हरवलेल्या-सापडलेल्या वस्तूंची यादी: एक चष्मा, एक पितळी तांब्या, किल्ल्यांचा जुडगा.

आजी राहुटीबाहेर बसल्या होत्या. पाल ठोकणाऱ्या गड्यांची आणि तिथल्या वस्तीतली पोरं समोर गोळा झालेली. आजींनी खांद्यावरची पिशवी काढली आणि दिवसभराचं पुणं त्यांच्यापुढे ओतलं. केळी पार काळी पडली होती, तरी आधी तीच संपली.

मी बाजूला बूट काढून बसले होते. आजींनी उरलेल्यातली एक पुडी माझ्याकडे सरकवली. "धर. दिसभर कायबी खाल्लं न्हाईस."

वर आमच्या सोसायटीचं नाव होतं, लाल अक्षरात, 'सौजन्य' सकट. आतला लाडू दबून त्याचा भुगा झाला होता. मी तो तळहातावर ओतून घेतला.