तुम्ही विचारलंत म्हणून: फी देणाऱ्याच्या बाजूनेच आकडे निघतात का?

मी स्टॅटिस्टिशियन आहे, कंपन्यांसाठी डेटा सायन्सचं काम करते आणि कोर्टातल्या केसेसमध्ये एक्स्पर्ट म्हणूनही उभी राहते, एवढं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "म्हणजे जो फी देतो त्याला हवे तसे आकडे काढून देता ना?" प्रश्न रास्त आहे, म्हणून नीट सांगते.

आधी कंपनीतलं, कारण कोर्टात जे लागतं ते मी तिथेच शिकले. समजा एखाद्या पार्टची जाडी जास्तीत जास्त ५.०० मिमी चालते. इन्स्पेक्शनची शीट घेऊन हिस्टोग्राम, म्हणजे कुठलं रीडिंग किती वेळा आलं त्याचा आलेख, काढला तर ४.९९ आणि ५.०० ला ही गर्दी आणि ५.०१ पासून पुढे एकदम शुकशुकाट. मशीन असं वागत नाही, मशीनला लिमिट माहीतच नसतं, माणसाला असतं. रीडिंग घेणारा काठावरचा माल रिजेक्ट करायला घाबरतोय, किंवा लिमिटमध्ये बसेपर्यंत परत परत मोजतोय. अशा डेटावर कितीही भारी मॉडेल चालवा, ते त्याची भीतीच मोजणार. वॉरंटीचंही तेच, नव्या बॅचच्या तक्रारी कमी दिसतात म्हणून मीटिंगमध्ये सगळे खूश, पण त्या बॅचला बिघडायला अजून वेळ तरी कुठे मिळालाय! त्यामुळे माझा बराचसा वेळ डेटा कुठून आला, कोणी लिहिला, काय गाळलं हे विचारण्यातच जातो.

आता कोर्ट. अमेरिकन सुप्रीम कोर्टाची १९७७ ची कॅस्टानेडा विरुद्ध पार्टिडा ही केस बघा. टेक्सासमधल्या हिडाल्गो काउंटीत ७९.१ टक्के लोक मेक्सिकन-अमेरिकन, पण ११ वर्षांत ग्रँड ज्युरीसाठी (खटला भरायचा की नाही हे ठरवणारं सामान्य नागरिकांचं मंडळ) बोलावलेल्या ८७० जणांत ते फक्त ३३९. चिठ्ठ्या टाकून निवडले असते तर साधारण ६८८ आले असते, स्टँडर्ड डेव्हिएशन (निव्वळ योगायोगाने आकडा साधारण किती वरखाली होतो त्याचं माप) १२ च्या आसपास, म्हणजे फरक तब्बल २९ स्टँडर्ड डेव्हिएशनचा, आणि कोर्टाच्या मते दोन-तीनच्या वर फरक गेला की योगायोगावर संशय घ्यावा. हे गणित कोणाच्याही बाजूच्या माणसाने केलं तरी उत्तर तेच येतं.

उलटं उदाहरण इंग्लंडचं. दोन बाळं अचानक गेली म्हणून आईवर खुनाचा खटला, आणि एका डॉक्टरने साक्षीत सांगितलं की असे दोन मृत्यू नैसर्गिक असण्याची शक्यता ७.३ कोटीत एक. आकडा आला कसा, तर एक बाळ असं अचानक जाण्याची शक्यता ८,५४३ त एक धरून, त्या शक्यतेला तिनेच गुणून. पण एकाच घरातली भावंडं, आनुवंशिक कारणं सारखी असू शकतात, तिथे असा सरळ गुणाकार चालतच नाही. शिवाय घटना दुर्मिळ आहे म्हणजे आई दोषी आहे असं होत नाही, एकाच आईने दोन बाळं मारणंही दुर्मिळच आहे, तुलना त्या दोन शक्यतांची करायची. १९९९ मध्ये शिक्षा झाली, रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीने जाहीर आक्षेप घेतला, २००३ मध्ये ती सुटली. ही केस वाचली की मला आजही अस्वस्थ व्हायला होतं.

तर तुमच्या प्रश्नाचं उत्तर, खोटे आकडे देणं अवघड आहे, कारण समोरच्या बाजूचा एक्स्पर्ट डेटा मागतो, सगळं गणित परत करून बघतो आणि उलटतपासणीत एकेक गृहीतक सोलून काढतो. खरी अडचण वेगळीच आहे. माझं उत्तर वकिलाला गैरसोयीचं निघालं तर तो मला साक्षीला बोलावतच नाही, दुसऱ्या कोणाला तरी विचारतो, आणि कोर्टापुढे जातं ते निवडून आलेलं मत. प्रत्येक एक्स्पर्ट प्रामाणिक असला तरी हे होतं, आणि यावर पुरेसं बोललं जात नाही असं माझं ठाम मत आहे. माझ्या हातात आहे तेवढं मी करते, वकिलाने गाळून दिलेली एक्सेल शीट घेत नाही, मूळ डेटा सगळा मागते, आणि किती प्रकारे गणित करून पाहिलं, त्यातलं काय त्यांच्या विरोधात गेलं, ते रिपोर्टमध्ये लिहिणार हे काम घेतानाच सांगते. काही जण तिथेच फोन ठेवतात.