खिडकीपाशी बसलेले आजोबा

"एवढं काचेतून काय दाखवायचं असतं यांना?" काल सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅस्ट्रो या गे वस्तीत ट्राममधून उतरता उतरता सोबतची ताई सहज बोलून गेली. ते काही केल्या डोक्यातून जात नाहीये.

समोर कोपऱ्यावर 'ट्विन पीक्स टॅव्हर्न' हा गे बार. खिडकीपाशी सत्तरीतले दोन आजोबा बसलेले. एकाने दुसऱ्याच्या स्वेटरची दुमडलेली कॉलर नीट केली आणि परत आपला ग्लास उचलला. इतकंच.

अहो, त्या काचेसाठी केवढं सोसलंय लोकांनी! सॅन फ्रान्सिस्कोत पूर्वी गे बारच्या खिडक्या झाकलेल्या असायच्या. पोलिसांची धाड पडायची, नाव फुटलं की नोकरी जायची. १९७२ च्या सुमारास दोन मैत्रिणींनी हा बार घेतला आणि रस्त्याकडेला सरळ मोठ्या पारदर्शक काचा बसवल्या. याच वस्तीतले, उघडपणे गे असलेले नेते हार्वे मिल्क शहराच्या नगर मंडळावर निवडून आले ते १९७७ मध्ये, आणि पुढच्याच वर्षी सिटी हॉलमध्ये त्यांचा खून झाला.

आपल्याकडे समलिंगी संबंध गुन्हा नाहीत, हा कलम ३७७ चा निकाल लागला २०१८ मध्ये. या आजोबांच्या वयाची कितीतरी माणसं पुण्या-मुंबईतही असणारच. त्यांनी असं उजेडात, खिडकीपाशी कुठे बसायचं?