कापडाखाली काय दडलंय?
माउंटन बाइकच्या डाउनहिल शर्यतीतल्या एका प्रोटोटाइपचा (अजून बाजारात न आलेल्या नमुना सायकलचा) फोटो काल रात्री इतका मोठा करून पाहिला की नुसते ठिपके दिसायला लागले. लिंकेजवर (मागच्या सस्पेन्शनच्या सांध्या-दांड्यांवर) कापड गुंडाळलंय, म्हणजे गंमत तिथंच! पण चेन वरच्या पुलीवरून मागे जातेय, ती कशी लपणार? माझा अंदाज 'हाय पिव्हट'चा, म्हणजे मागचं चाक ज्या सांध्यावर वर-खाली होतं तो फ्रेमवर उंच बसवलेला: दगडावर आपटलं की मागचं चाक वर जाता जाता जरा मागेही सरकतं, अडकत नाही. तेव्हा चेन ताणून पेडलला झटका बसू नये म्हणून ती पुली. (तिची घरघर मात्र मला सोसत नाही.)

सायकलचे भाग बनवणाऱ्या स्रॅमनं २०१९ मध्ये यूडीएच आणला (गिअर बदलणारा डीरेलर फ्रेमला जोडणारा, वेगवेगळ्या फ्रेमना चालणारा एकच हँगर), तेव्हा 'हँगरच तर आहे' म्हणून मी दुर्लक्ष केलं. २०२३ मध्ये त्याच जागी थेट फ्रेमवर बसणारा डीरेलर आला. आता बोल्टचं रिकामं भोकही मी सोडत नाही.