होमिंग फसले: तुटलेली वायर आणि ‘दाबलेला’ स्विच

आमच्या स्पर्धेच्या रोबोटच्या आर्मसाठी मागच्या नोंदीत लिहिलेला वॉचडॉग टिकला आहे. एन्कोडरवर, म्हणजे मोटर किती फिरली हे मोजणाऱ्या सेन्सरवर, लक्ष ठेवणारा हा कोड. एन्कोडरची केबल निसटल्यावर रन-टू-पोझिशन मोडमधली (दिलेल्या लक्ष्यापर्यंत आपोआप फिरणारी) मोटर लक्ष्य आलेच नाही असे समजून फिरत राहते. आता पॉवर (कमाल १ पैकी) ०.३ च्या वर असताना २५० मिलिसेकंदांत एन्कोडरचे १० काउंटही (मोजणीचे टप्पे) सरकले नाहीत, तर कोड एकदा करंट वाचून तिला थांबवतो. करंट जास्त असेल तर आर्म अडकला आहे, कमी असेल तर एन्कोडर गेला आहे. करंट बल्क रीडमध्ये (अनेक वाचने एकदम आणणाऱ्या वाचनात) येत नसल्याने आणि वेगळा वाचायला जादा वेळ जात असल्याने तो संशय आल्यावरच वाचतो.

शनिवारी मात्र होमिंगने, म्हणजे आर्म खाली स्विचपर्यंत आणून तिथे शून्य ठरवण्याच्या क्रियेने, दगा दिला. आर्म खालच्या टोकाला आला की दाबला जाणारा लिमिट स्विच आम्ही मुद्दाम नॉर्मली क्लोज्ड जोडला होता, म्हणजे एरवी सर्किट जोडलेले असते आणि दाबल्यावर तुटते. कंट्रोल हबच्या (रोबोटच्या मुख्य कंट्रोलरच्या) डिजिटल इनपुटला पुल-अप (काही जोडलेले नसताना इनपुट हाय ठेवणारा रोधक) असल्यामुळे वायर तुटली की इनपुट हाय होतो, कोडला स्विच दाबल्यासारखा दिसतो आणि खाली येणारा आर्म थांबतो. थांबण्यापुरते हे निर्दोष आहे, पण होमिंग नेमक्या याच संकेताची वाट पाहत असते. स्विचच्या केबलचा जेएसटी प्लग (छोटा कनेक्टर) अर्धवट निसटलेला होता. आर्म ४० अंशांवर हवेत असतानाच कोडने तिथे शून्य मानले आणि वर जाण्याची आज्ञा मिळताच तो तेवढाच पुढे जाऊन वरच्या स्टॉपवर आदळला. वॉचडॉगने मोटर थांबवली, तोवर गिअरचा एक दात गेला होता. दोन तास आम्ही पीआयडीचे (मोटर-नियंत्रणाच्या सूत्राचे) आकडे उगाळत बसलो. शेवटी टेलिमेट्रीत (रोबोटकडून पडद्यावर येणाऱ्या माहितीत) आर्म हवेत असूनही स्विच ‘दाबलेला’ आहे, हे आमच्या सर्वांत धाकट्या विद्यार्थिनीने दाखवले.

आता स्विच दाबलेला दिसला की कोड आधी ०.२ पॉवरने आर्म किंचित उचलतो. स्विच सुटला तरच शून्य मानतो, नाहीतर आर्म कुलूपबंद करून चाके चालू ठेवतो, म्हणजे ऑटोनॉमसच्या (रोबोट स्वतःच चालतो त्या) ३० सेकंदांत निदान पार्किंगचे गुण तरी हाती लागतात. प्लग काढून दहा वेळा तपासले. दहाही वेळा दोष पकडला गेला.

हे लिहितानाच सुचले की मायक्रोस्विचला पाय तीन असतात आणि हबच्या प्रत्येक डिजिटल पोर्टवर चॅनल दोन. कॉमन पाय ग्राउंडला जोडून एनओ (नॉर्मली ओपन) आणि एनसी (नॉर्मली क्लोज्ड) हे पाय वेगवेगळ्या चॅनलवर घेतले, तर दोन्ही वाचने नेहमी उलट यायला हवीत. दोन्ही हाय आली की प्लग निसटला. स्विच पलटताना काही क्षण दोन्ही संपर्क उघडे असतात, म्हणून ५० मिलिसेकंदांची सवलत ठेवावी लागेल. मग उचलून पाहण्याचा खटाटोप बहुधा काढूनच टाकेन.

तयार क्रिम्प केलेल्या (टोके दाबून बसवलेल्या) स्वस्त केबल मात्र यापुढे घेणार नाही. प्लगवर हॉट ग्लूचा थेंब हवाच.