नणंदेचं कुटुंब आणि माझं कोल्हापूर

मागच्या खेपेला नणंद नागपूरहून आली तेव्हा मी एकाच दिवसात अंबाबाई, जोतिबा, पन्हाळा आणि रंकाळा असं सगळं उरकलं. पोरं गाडीत पेंगली. तिच्या सासूबाईंचे गुडघे इतके धरले की रंकाळ्यावर त्या गाडीतून उतरल्याच नाहीत. ते मला फार लागलं. म्हणून या दिवाळीत ती पुन्हा यायची म्हटल्यावर ठरवलं, दिवसाला एकच मोठं ठिकाण.

पहिल्या दिवशी पहाटेच अंबाबाईला गेलो. त्या वेळी रांग छोटी असते, म्हाताऱ्या माणसाला उभं राहावं लागत नाही. दुपारी सगळे झोपले. संध्याकाळी गंगावेशीत म्हशीचं डोळ्यांदेखत काढलेलं फेसाळ दूध प्यायलो. धाकट्याला ओठावर मिशी आली, ती त्यानं पुसूच दिली नाही.

पन्हाळा वीसेक किलोमीटर. गाडी थेट गडावर जाते, त्यामुळे आजींची अडचण नव्हती. अंबरखान्यात कमानीखाली गार वाटतं, तिथे त्यांना बसवलं. गंगा, यमुना, सरस्वती अशी धान्यकोठारांची नावं ऐकून त्या हरखल्या. पोरांना 1660 चा वेढा आणि बाजीप्रभूंची गोष्ट पुतळ्यापाशी सांगितली. मग तीन दरवाजा, सज्जा कोठी. तेवढं पुरे.

तिसरा दिवस खिद्रापूरचा, आणि इथेच घोळ झाला. गाडीवाल्याशी फोनवर 'नरसोबाची वाडी आणि पुढे' एवढंच बोलले होते. वाडीत बासुंदी खाऊन निघालो, तर तो म्हणाला, खिद्रापूरचं बोलणं झालं नव्हतं, जादा पैसे पडतील. ते द्यावे लागले. आता मी थांबे, वेटिंग आणि परतीची वेळ आधी मेसेजवर लिहून घेते. जेवणाचा डबाही घरूनच घेते.

पण खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ पाहिल्यावर सगळा राग गेला. स्वर्गमंडपाच्या छताला मधोमध गोल मोकळी जागा आहे आणि बरोबर तिच्याखाली जमिनीवर गोल शिळा. भोवती कोरीव खांबांचं कडं. थोरली त्या शिळेजवळ उभी राहून मान मागे टाकून कितीतरी वेळ वर बघत होती. धाकटा बाहेर जोत्यावरचे हत्ती मोजत फिरला, मग धावत आला, "मामी, शंकराचं देऊळ आणि नंदीच नाही?" नंदी कृष्णाकाठीच यडूरला आहे म्हटल्यावर त्याला आत्ताच तिकडे जायचं होतं.

आजी एका खांबाला टेकून तासभर बसल्या. नणंद दोनदा म्हणाली, "आई, निघूया का?" त्यांनी हातानंच थांब म्हणून सांगितलं.

रात्री जेवताना पांढरा रस्सा वाढत होते, तेव्हा नणंद म्हणाली, "वहिनी, पुढच्या खेपेला दाजीपूर, आणि एक दिवस वाढवून येतो."

मी दाजीपूरच्या जंगलासाठी उन्हाळ्याचं नाव काढलं. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतं.