मांजरागत आलेलं पाणी

ऑगस्ट २०१९ मध्ये मी सांगलीत एका दैनिकाच्या डेस्कवर होते. आयर्विन पुलापाशी कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या आठवड्यात पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. दिवे जात-येत होते, वार्ताहर गुडघाभर पाण्यातून फोन करत होते आणि पहिल्या पानाचा मथळा मी दिला होता : 'कृष्णामाई कोपली'. सगळ्यांना आवडला. मलाही आवडला.

पाणी उतरल्यावर नदीजवळच्या सूर्यवंशी प्लॉट या वस्तीत गेले. एका घराच्या उंबऱ्यावर आजी बसल्या होत्या, राखेनं डबे घासत. भिंतीवर माझ्या डोक्याच्याही वर पाण्याची रेघ होती. माझ्या वहीत 'रौद्र रूप' आणि 'थैमान' हे शब्द आधीच लिहिलेले. फक्त त्यांच्यापुढे नाव आणि वय टाकायचं होतं. मी विचारलं, "आजी, पाणी कसं आलं हो?"

"मांजरागत आलं बघ पोरी," त्या म्हणाल्या. "पाय वाजला न्हाई. चुलीपाशी येऊन बसलं तवा कळलं."

मी वही मिटली. घरी येईपर्यंत तेवढंच डोक्यात होतं.

सांगलीतला पूर खरोखर तसाच येतो. लाटा नाहीत, गर्जना नाही. आधी गटारी उलट्या वाहायला लागतात, मग नाल्यातून पाणी सखल प्लॉटांत सरकतं, आणि हळूहळू एकेक पायरी चढत राहतं. 'थैमान' या शब्दात कुणीतरी पाय आपटत नाचतंय, आदळआपट चाललीय. तो शब्द वादळाला शोभतो. मी तो आमच्या पुराला लावला, कारण मोठ्या संकटाला मोठा शब्द लावायची हाताला सवय होती. आजींच्या वाक्यात कुणी नाचत नव्हतं, म्हणूनच ते जास्त भीतीदायक होतं. मांजर घरातलंच जनावर. ते आत आलं म्हणून कुणी दचकत नाही, उठून हाकलतही नाही. २००५ चा पूर बघितलेली कितीतरी माणसं "तेव्हा इथवरच आलं होतं" म्हणत घरात थांबली. ती का थांबली, हे मला तीन कॉलमांत सांगता आलं नव्हतं. आजींनी एका उपमेत सांगितलं.

त्या 'गत'वरही मी बराच विचार केलाय. 'मांजरागत', 'मांजरावाणी', 'मांजरासारखं', 'मांजराप्रमाणे', 'जणू मांजर', 'मार्जारवत्'. जनावर एकच, पण प्रत्येक वेळी बोलणारं माणूस बदलतं. 'गत' म्हणणारी बाई जमिनीवर बसलेली असते. 'प्रमाणे' म्हणणारा खुर्चीत असतो. 'जणू' म्हटलं की लिहिणारा जरा मागे सरून स्वतःच्याच वाक्याकडे बघायला लागतो. बातमी छापताना आमच्याकडे 'गत'चं 'प्रमाणे' करायची रीत होती, प्रमाणभाषा म्हणून. त्या दिवशी मी भांडून 'मांजरागत' ठेवायला लावलं.

मग माझ्या मथळ्याकडे वळले. 'कोपली'. आई कोपली तर लेकरानं काय करायचं? हात जोडायचे. पूररेषेत बांधकामं कशी उभी राहिली, धरणातून पाणी कधी आणि किती सोडलं, हे प्रश्न त्या एका क्रियापदाखाली गडप झाले. मी काही लपवायला बसले नव्हते. त्या प्रतिमेनं माझ्या नकळत निकाल देऊन टाकला होता. आजीसुद्धा 'कृष्णामाई'च म्हणतात. पाणी उतरल्यावर घाटावर जाऊन त्यांनी नदीची ओटी भरली. पण ते त्यांचं आणि नदीचं नातं आहे, आयुष्यभराचं. मी ते उचलून मथळ्यात घातलं, तेव्हा त्याची पळवाट झाली.

सरकारी शब्दही हेच करतात, फक्त कोरडेपणानं. 'विसर्ग वाढविण्यात आला.' कुणी वाढवला? वाक्यात माणूसच नाही. 'पाणी सोडलं' म्हणा, की ऐकणारा लगेच विचारतो, कुणी सोडलं? आणि ८ ऑगस्टला ब्रह्मनाळ गावात पुरातून लोकांना बाहेर काढणारी बोट उलटून माणसं बुडाली, तेव्हा 'काळाचा घाला' हे शब्द किती सहज सुचतात ते मी स्वतःच्या डोक्यात पाहिलं. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. काळ बोटीत माणसं मोजत नसतो. 'काळाचा घाला' हे शब्द मला आजही बोचतात.

'महापुराची मगरमिठी' हाही आमचा लाडका मथळा. भिलवडी-औदुंबरकडे कृष्णेच्या काठावर खऱ्या मगरी दिसतात. तिथली बाई कपडे धुवायला उतरताना आधी पाणी न्याहाळते. पुण्या-मुंबईत 'मगरमिठी' गुळगुळीत झालेला शब्द असेल, तिच्यासाठी त्याला दात आहेत. तिच्या तालुक्याची बातमी लिहिताना तो शब्द मी आता वापरत नाही.

पावसाचंही तसंच. सर तीच, पण 'रिमझिम' लिहिलं की खिडकीत चहा येतो. 'रिपरिप' लिहिलं की न वाळलेले कपडे आणि चपलेला चिकटलेली राड. 'पिरपिर' लिहिलं तर पाऊस किरकिऱ्या पोरासारखा कडेवर येऊन बसतो. छावणीत राहणाऱ्या माणसांच्या बातमीत एकदा 'रिमझिम' छापून गेलं. चूक माझीच होती. तो शब्द खोटा नव्हता, पाऊस हलकाच होता; पण पत्र्याखाली ओल्या सतरंजीवर बसलेल्या कुणालाही तो रिमझिम वाटला नसता.

सगळ्यात जास्त लक्षात राहिलं ते एका निवृत्त शिक्षकांचं बोलणं. त्यांची पुस्तकं आणि चाळीस वर्षांच्या टाचणवह्या पाण्यात होत्या. एकेक वही उन्हात ठेवत ते म्हणाले, "बघा, भाकरीगत टम्म फुगल्यात." भाकरी फुगली की घरात समाधान असतं. तोच शब्द त्या वह्यांवर ठेवताना ते किंचित हसले, मग बराच वेळ बोलले नाहीत. 'अपरिमित हानी' असं लिहून मला हे कधीच पोहोचवता आलं नसतं.

जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा ५० फुटांच्या पुढे गेलं. आजींना त्यांच्या भाचीनं वेळेवर शहरातल्याच विश्रामबाग भागात नेलं होतं. मी डेस्कवरून फोन केला. "आजी, घरापाशी पाणी कुठवर आलंय, काही कळलं?"

"पायरीवर बसलंय म्हणत्यात," त्या म्हणाल्या. "अजून आत बघत न्हाई."