जिलाँग : लोकरीच्या गाठी आणि शिडांची शर्यत

त्या वयस्कर गृहस्थांनी लोकरीची एक बट दोन्ही हातांच्या चिमटीत ताणून धरली, माझ्या कानाशी आणली आणि मधल्या बोटाने टिचकी मारली. तारेसारखा बारीक, स्वच्छ आवाज आला. "ही पक्की," ते म्हणाले. "मेंढीची एखाद्या मोसमात उपासमार झाली की त्या काळात वाढलेला धागा तेवढाच अशक्त निघतो. वरून दिसत नाही. ताणून टिचकी मारली की तिथेच तुटतो."

मला आजोबा आठवले. खामगावच्या कापूसबाजारात ते अडते होते. बोंडातला कापूस चिमटीत ओढून, धाग्याची लांबी डोळ्यांनी जोखून ते भाव बोलत. कापसाचं गाव मला अंगणासारखं ठाऊक आहे. लोकरीचं गाव मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते.

भाऊ मेलबर्नच्या पश्चिमेला, तार्नीटला राहतो. तिथूनच जिलाँगची गाडी जाते. स्पेलिंग वाचून आपण 'गिलाँग' म्हणतो, पण तिथली माणसं 'जिलाँग' म्हणतात, आणि तेच बरोबर, कारण नाव मुळात इथल्या वडावुरुंग लोकांच्या भाषेतलं आहे. ते खाडीला जिलाँग आणि जमिनीला कोरायो म्हणत. गोऱ्यांनी नोंद करताना अदलाबदल केली, असं सांगतात. म्हणून आज खाडी कोरायो आणि शहर जिलाँग. रुळांच्या दोन्ही बाजूंना पिवळं पडलेलं सपाट गवत, जानेवारीचं रणरणतं ऊन. वहिनी म्हणाली, "ताई, शर्यतीच्या होड्या दुपारनंतर येतात. सकाळी लोकरीचं संग्रहालय बघून घेऊ." तसंच केलं, आणि ते बरं झालं. आधी लोकर कळली नसती तर ती शर्यत मला नुसती रंगीत शिडांची गर्दी वाटली असती.

मूराबूल स्ट्रीटवरचं राष्ट्रीय लोकर संग्रहालय म्हणजे डेनिस लॅसेल्स या अडतपेढीचं जुनं गोदाम. १८७२ साली निळसर काळ्या दगडात बांधलेलं. वर्षानुवर्षांच्या लोकरीने तिथल्या जमिनीचं लाकूड तेल पाजल्यासारखं गुळगुळीत झालंय. न धुतलेल्या लोकरीला मेणासारखी चरबी असते. मी पाच मिनिटं ती चाळली आणि हात तूप लावल्यासारखे मऊ झाले. तळमजल्यावर १९१० सालचा गालिचे विणायचा ॲक्समिन्स्टर माग आहे. तो सुरू केला की जमीन हादरते. माझी भाची दोन्ही कान झाकून, डोळे मात्र विस्फारून बघत होती.

मला सगळ्यात आवडलं ते छप्पर. लोकरीची पारख व्हायची ती वरच्या मजल्यावर, आणि त्यासाठी ऊन नको, स्थिर उजेड हवा. म्हणून अशा गोदामांची छपरं करवतीच्या दात्यांसारखी, आणि काचा दक्षिणेकडे. मुंबईच्या गिरण्यांची छपरं अशीच, पण काचा उत्तरेकडे. पृथ्वीच्या या अर्ध्या भागात सूर्य उत्तरेकडून फिरतो, त्यामुळे सगळं उलट. त्या उजेडात खरेदीदार लांब डगले घालून गाठींच्या रांगांतून हिंडत, फोडलेल्या गाठीत हात घालून बट ओढत, वहीत खूण करत आणि मग लिलावाला बसत. १९७० च्या दशकात प्रयोगशाळेत नमुना तपासून धाग्याची जाडी मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, सांगायची पद्धत आली आणि गाठी मांडून दाखवायची गरज उरली नाही. आता लिलाव मेलबर्नला होतात.

या वसाहतीने लोकरच का धरली, याचं उत्तर साधं आहे. इंग्लंड तीन-साडेतीन महिन्यांच्या समुद्रप्रवासावर. तिथपर्यंत न सडता पोचणारा, आणि वजनाच्या मानाने भाडं परवडेल इतका महाग माल दुसरा नव्हता. १८३८ मध्ये जिलाँगची आखणी झाली, आणि पश्चिमेकडच्या गवताळ प्रदेशातली लोकर बैलगाड्यांच्या तांड्यांनी इथे उतरू लागली. वसंतात कातरणी, उन्हाळ्यात गाड्या, मग जहाजं. मेंढपाळ जमीनदाराच्या हाती पैसा यायचा वर्षातून एकदा, लोकर विकल्यावर. तोवर अडत्याची उचल. आपल्याकडे कापसावर जशी उचल चाले, तशीच. लोहार, जिनगर, गाड्यांची चाकं करणारा सुतार, वाणी, खाणावळवाला, सगळ्यांची खाती त्या एका रकमेवर टांगलेली. मेंढी वाळली की शहराची बाजारपेठ वाळायची. आणि गाठीचं बारदान? तो ताग आपल्या बंगालचा. आजोबांच्या गोदामातल्या पोत्यांचा आणि या गाठींच्या कापडाचा वास एकच असणार, या विचाराने मी तिथे बराच वेळ रेंगाळले.

धंदे लोकरीपुरतेच नव्हते. जिलाँग ॲडव्हर्टायझर हे वर्तमानपत्र १८४० पासून निघतं आहे. त्याचा पहिला संपादक जेम्स हॅरिसन हा स्कॉटिश मुद्रक. छपाईचे खिळे ईथरने पुसताना धातू थंड पडतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि त्यातून त्याने बारवन नदीकाठी बर्फ करायचं यंत्र उभं केलं. १८५६ मध्ये त्याला ब्रिटिश पेटंट मिळालं. १८७३ मध्ये गोठवलेलं मांस जहाजाने लंडनला पाठवायचा त्याचा प्रयत्न मात्र फसला. मांस वाटेतच खराब झालं आणि तो कफल्लक झाला. लोकरीला जे निसर्गतः साधलं होतं, ते मांसाला साधून द्यायला हा माणूस सगळं पणाला लावून बसला होता. आज बारवनवरच्या एका पुलाला त्याचं नाव आहे.

दुपारी खाडीवर आलो. किनाऱ्याने लाकडी माणसं उभी आहेत. जॅन मिचेल या कलावतीने जुन्या धक्क्यांच्या लाकडी खांबांना रंगवून खलाशी, वादक, पोहणाऱ्या बायका, जीवरक्षक केले आहेत. शंभराहून जास्त आहेत ते. बऱ्याच जणांच्या पायाशी छोटा ससा रंगवलेला सापडतो. १८५९ मध्ये थॉमस ऑस्टिन या जमीनदाराने शिकारीसाठी इथून जवळच, विंचेल्सीला, इंग्लंडहून आणलेले ससे मोकळे सोडले आणि पुढे सशांनी अर्धा खंड फस्त केला, त्याची ती आठवण. भाची ससे मोजत पुढे पळत होती.

मी पाण्याकडे बघत उभी राहिले, कारण इथेच 'लाइटनिंग' जळालं होतं. १८५४ मध्ये बोस्टनला बांधलेलं हे शिडाचं जहाज पहिल्याच सफरीत एका दिवसात ४३६ सागरी मैल धावलं होतं. १८५७ मध्ये आपल्याकडचा उठाव मोडायला निघालेले ब्रिटिश सैनिक याच जहाजाने कलकत्त्याला नेले. आणि ३१ ऑक्टोबर १८६९ च्या पहाटे, यारा स्ट्रीटच्या धक्क्याला लागलेलं, लोकरीच्या गाठींनी भरलेलं असताना ते पेटलं. धक्का वाचावा म्हणून जळतं जहाज खाडीत ओढून नेलं, आणि बुडवण्यासाठी किनाऱ्यावरून त्यावर तोफा डागल्या. तरी ते दिवसभर धुमसत राहिलं. लोकर पटकन पेटत नाही, पण आत विस्तव शिरला की विझतही नाही. त्या दिवशी शहराला केसं जळल्याचा वास किती वेळ येत राहिला असेल!

या खाडीच्या तोंडाशी वाळूची आडवी पट्टी होती. वाट खोल खणली जाईपर्यंत मोठी जहाजं बाहेरच नांगर टाकत, आणि गाठी लहान होड्यांतून त्यांच्यापर्यंत जात. म्हणजे वारा ओळखणारी, शीड आणि वल्हं हातात बसलेली माणसं इथे घरोघर असणार. त्यामुळे १८४४ मध्ये, गाव जेमतेम सहा वर्षांचं असताना, इथे नौकाशर्यती सुरू झाल्या याचं मला मुळीच नवल वाटलं नाही. तीच परंपरा आजचा 'फेस्टिव्हल ऑफ सेल्स', म्हणजे शिडांचा महोत्सव, चालवतो. १८५९ मध्ये स्थापन झालेला इथला यॉट क्लब तो भरवतो. मेलबर्नकडून निघायचं, पोर्ट फिलिप उपसागर कापायचा आणि कोरायो खाडीत येऊन शर्यत संपवायची.

पहिली होडी दिसली तेव्हा ती क्षितिजावर नुसती एक पांढरी रेघ होती. मग दोन, दहा, आणि बघता बघता पाणी शिडांनी भरून गेलं. दक्षिणेचा वारा भरात होता. होड्या एका कुशीवर कलंडून येत होत्या आणि दहाबारा माणसं वरच्या कडेला ओळीने बसून आपल्या वजनाने तोल सावरत होती. शेजारचे आजोबा नातवाला प्रत्येक होडीचा वर्ग समजावून सांगत होते. धक्क्यावर कुणी आइस्क्रीम खात होतं, कुणी टाळ्या वाजवत होतं. मागे ती मोठी गोदामं, त्यातल्या डालगेटी पेढीच्या गोदामांत आता विद्यापीठ आहे. पुढे शिडं. या दोहोंमध्ये उभं राहिल्यावर कळतं, की या गावाचं सगळं वाऱ्यावर चालत होतं. गाठी वाऱ्याने गेल्या, बाजारभावाची बातमी वाऱ्याने आली, आणि सुटीच्या दिवशी खेळायलाही वाराच.

२६ जानेवारी जवळ आला होता. आपला प्रजासत्ताक दिन, त्यांचा ऑस्ट्रेलिया डे, गोरे इथे वसायला उतरले त्याची आठवण. इथल्या मूळ रहिवाशांसाठी मात्र १९३८ पासून शोकाचा दिवस. वडावुरुंग लोकांच्या जेवणात मर्नाँग नावाचा कंद रोजचा असे. त्याला पिवळं, झेंडूसारखं फूल येतं, आणि बायका टोकदार काठीने तो उकरून काढत. मेंढ्यांना त्याची चटक लागली. त्या मुळासकट खात, खुरांनी माती घट्ट करत. काही वर्षांतच कळपांच्या वाटेवरचे मर्नाँग संपले. मी कानाशी ऐकलेल्या त्या स्वच्छ आवाजात, धष्टपुष्ट मेंढीच्या त्या पक्क्या धाग्यात, ही उपासमारही आहे. गाडीतून पाहिलेलं ते पिवळं गवत मला नंतर तसं बघवेना.

सहाच्या सुमारास वारा पडला. एक लहान होडी अजून खाडीच्या तोंडाशीच होती. शीड लोंबतंय, पुढे सरकत नाहीये. भाऊ म्हणाला, "ताई, गाडी चुकेल." मी म्हटलं, "ती येऊ दे." वहिनीने पिशवीतून थालीपीठं काढली, भाचीने तेवीस ससे सापडल्याचं जाहीर केलं. माझ्या हातांना अजून लोकरीचा वास होता. होडी आली तेव्हा धक्क्यावर आमच्यासारखे वीसेक जण उरले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि सुकाणूवरच्या बाईने टोपी काढून हलवली.